बोनकोडेकर कान्होजी पाटील यांची बिनतारी मोहीम

श्री गावदेवी प्रसन्न.

सौभाग्यवती क्रांतीबाई, कान्होजींच्या कन्या, हल्ली वास्तव्य उलवे, यांनी सासरी पोचून मेंदी उतरली नाही तोच आज्ञापत्र पाठविले जे, आमचे हळदीआधी माहेरी जे रण माजले त्या समयी आम्ही पार्लरचे वेढ्यात अडकून पडलो होतो, सबब कोण लढला, कोण पळाला, कोणाचे काय पुसले गेले आणि कोणी परत आणले, हे सविस्तर लिहून पाठविणे. घरचे लोक विचारले असता आपापली शेखी सांगतात, त्यांवर आमचा इतबार नाही. आज्ञा शिरसावंद्य. त्यावरून जिन्यात, गच्चीवर आणि नाक्यावरील चहाचे टपरीवर चौकशी करोन, दोहीं घरचे बायकांचे जबाब घेऊन, जे खरे ठरले तेच लिहिले आहे. पुरुषांचेही जबाब घेतले, परंतु उपयोग जाहला नाही.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध नवमी, शनिवार. ते समयी नवी मुंबईचे मुलखात, कोपरखैरण्यात, मौजे बोनकोडे येथे, जेथे वडिलांचे काळी भातशेते आणि मिठागरे होती आणि आता चार मजली इमारती आहेत, तेथे दुसरे मजल्यावर राजश्री कान्होजी पाटील, सरकारी दफ्तरातील वरिष्ठ लिपिक, राज्य करीत होते. म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती सोनलबाई सांगतील तेथे बसत होते. त्याच मजल्यावर भिंतीपलीकडे त्यांचे चुलत बंधू मिथुनजी यांचे संस्थान. मिथुनजींचा पेशा बॅनर बनविण्याचा. पंचक्रोशीत कोणाचा वाढदिवस असो की कोणास नगरसेवक होण्याची उबळ येवो, त्याचे गळ्यात हार आणि डोळ्यांस गॉगल चढवून नाक्यावर टांगणे हे मिथुनजींचे काम. दोहीं संस्थानांमध्ये भिंत अर्ध्या विटेची, पलीकडे शिंक आली तर अलीकडे ऐकू यावी ऐसी. परंतु उभयतांत दोन वर्षे शब्द नव्हता.

त्यास कारण ऐसे जे, मिथुनजींचे थोरले चिरंजीवांची हळद होती, आणि कान्होजींच्या मातुश्री पुतळाबाई, ज्या सबंध पंचक्रोशीत नामांकित धवलारीण, त्या मांडवात धवला गाण्यास बसल्या, आणि अकरावे कडवे चालू असता डीजेवाल्याने नगाऱ्यास लाजवील ऐसा आवाज सोडला, मग मातुश्रींचे ओठ हलताना दिसत, गाणे ऐकू येईना, आणि मिथुनजी तर साक्षात नाचत होते. मातुश्री उठून घरी आल्या, बोंबलाची चटणी केली, जेवल्या आणि दुसरे दिवशी मिथुनजींचे घरी चहास गेल्या. त्यांचे मनात काही राहिले नाही. राहिले ते कान्होजींचे मनात. त्यांनी शपथ वाहिली जे, या माणसाशी जन्मात बोलणार नाही. आणि कान्होजी दफ्तरातील माणूस, एकदा नोंद केली म्हणजे ती खोडणे त्यांस ठाऊक नाही.

आता धवला म्हणजे काय, ते ज्यांस ठाऊक नाही त्यांजकरिता लिहितो. आगरी लोकांचे लग्नात भटजी मंत्र म्हणेल तो म्हणेल, परंतु हळद चढते ती धवलारणीचे गाण्याने. आणि पुतळाबाईंचा धवला सवालजवाबाचा, एकवीस कडव्यांचा. सवाल त्यांचा, जवाब त्यांची धाकटी जाऊ जाईबाई, म्हणजे मिथुनजींच्या मातुश्री, यांचा. चाळीस वर्षे उभयतां मांडीस मांडी लावून गायिल्या. नऊ वर्षांमागे जाईबाई देवाघरी गेल्या, तेव्हापासून पुतळाबाई सवालही आपणच करीत आणि जवाबही आपणच देत. परंतु वय अठ्ठ्याहत्तर, आणि ओळी एकेक करोन निसटू लागल्या. नातीची हळद मंगळवारी. मातुश्रींनी निकराने सांगितले जे, "माझे क्रांतीचे हलदीला धवला आर्धा नाय होनार. कागदावर उतरवा. मी इसरली तं बाया वाचून गातील."

तेव्हा क्रांतीबाईंनी लॅपटॉपावर लेखन मांडले आणि तेरा कडवी उतरविली, आणि शुक्रवारी दुपारी कोलंबीचे कालवणाचा टोप कलंडून अवघा रस्सा कळफलकात शिरला. पडदा वाचला, त्यावर लेखन उघडेच राहिले, परंतु कळा आणि खालची बोटे फिरविण्याची पट्टी, दोन्ही जागीच गतप्राण जाहल्या. आठ कडवी बाकी आणि दिवस तीन. कान्होजींनी दोन घास कमी खाल्ले आणि मसलत ठरविली जे, बिनतारी कीबोर्ड आणि माउस यांची जोडी आणोन मोहीम तडीस न्यावी.

शनिवारी प्रातःकाळी खासा स्वारी रिक्षाने वाशीस कूच करती जाहली. मातुश्री सोबत निघाल्या. नको म्हणण्याची छाती कोणाची? दुकानी जाताच स्टुलावर बैठक मारून त्यांनी दरबार भरविला. विक्रेत्याने एकेक वीर पुढे आणिला. एक गुलाबी, वाटोळ्या कळांचा. तो मातुश्रींनी बिस्किटे म्हणोन नाकारिला. एक ऐसा जे आतून सप्तरंगी दिवे लागत. कान्होजींस डीजेची याद येऊन त्यांनी तोंड फिरविले. एक काळा, रुंद, गंभीर, त्यावर मातुश्रींनी बोंबील ताजा की शिळा पाहावा तैसे बोट दाबून पाहिले, आणि त्यास पसंत केले. मग माउस उलटासुलटा करोन विचारिते जाहल्या जे, "याचं शेपूट खय गेलं?" विक्रेता अदबीने म्हणाला, "आजी, वायरलेस हाय. ह्यो छोटा डोंगल लॅपटॉपला लावायचा, बस. टेन्शन नाय. भिंतीपलीकडून पन चालंल." हे शेवटले वाक्य कान्होजींनी ऐकून न ऐकल्यासारखे केले, आणि पुढील अवघा अनर्थ तेथूनच उत्पन्न जाहला.

निघते समयी मातुश्रींचा हुकूम जाहला जे, दोन जोड्या घे. कान्होजींनी अर्ज केला जे, आपले घरी लॅपटॉप एक. मातुश्री म्हणाल्या, "दुसरी मिथुनला. त्याचा बी कीबोर्ड खटारा झालाय." कान्होजींनी शपथेची आठवण दिली. त्यावर उत्तर आले, "शपथ तुझी हाय, माझी नाय. एकाला दिलं नि एकाला नाय, आसं माझे घरान कदी झालं?" आणि ते खरेच होते. जाईबाई मिठागरात कामास जात तेव्हा दोन्ही पोरे पुतळाबाईंनीच वाढविली. एका ताग्यातले दोन सदरे, दोन पाट्या, दोन भोवरे, आणि गोवर आला तोही दोघांस एकदम. पन्नाशी उलटली तरी तो कायदा रद्द जाहला नव्हता. कान्होजींनी निमूट दोन जोड्या उचलिल्या.

घरी येताच दुसरा कायदा लागू जाहला. नवी वस्तू पुजल्याविना हाती धरावयाची नाही, मग ती कोयती असो की मोटरसायकल. मातुश्रींनी दोहीं जोड्यांची आवरणे सोडविली, माउसांची पोटे उघडोन सेल काढिले, आतून नखाएवढे दोन डोंगल निघाले, ते बत्ताशांचे वाटीत ठेविले, आणि अवघी शस्त्रे सुपात मांडून हळदकुंकू लाविले, नारळ वाढविला, गावदेवीस गाऱ्हाणे घातले. सोनलबाईंनी कीबोर्ड आणि माउस यांच्या जोड्या मोडू दिल्या नाहीत, इतकी दक्षता घेतली. परंतु वाटीतील डोंगल एकमेकांसारखे हुबेहूब. मातुश्रींनी एक या जोडीस दिला, एक त्या जोडीस दिला, आणि न्याय बरोबर जाहला म्हणोन समाधान पावल्या. मग त्यांनी स्वतः पलीकडे जाऊन मिथुनजींचे यंत्रास डोंगल टोचविला आणि दोन बत्तासे ठेवून आल्या.

येणेप्रमाणे कान्होजींचे कीबोर्डाचा डोंगल मिथुनजींचे यंत्रात, आणि मिथुनजींचा कान्होजींचे यंत्रात, ऐसी स्थिती जाहली, आणि हे त्रैलोक्यात कोणास ठाऊक नव्हते.

दुपारी दोन वाजता रणास तोंड लागले. कान्होजी पाटावर, लॅपटॉप चौरंगावर, मातुश्री भिंतीस टेकून. चौदावे कडवे. मातुश्रींनी सवाल सांगितला: "मिठाची मूठ गो लेकीला कोनी दिली?" कान्होजींनी मर्दाना हाताने कळा दाबिल्या. पडद्यावर काही उमटले नाही. पुन्हा दाबिल्या. नाही. सहा वेळा तीच ओळ, दरवेळी अधिक जोराने, ऐसी की सोनलबाई आतून म्हणाल्या, "अहो, तो नवीन हाय, मारामारी कशाला करता?"

ते समयी पलीकडे मिथुनजी, कीबोर्ड नवा परंतु माउस आपला जुना शेपटीवाला घेऊन, श्रीमंत प्रितमशेठ, भावी नगरसेवक, यांचा बॅनर रचीत होते. शेठ हात जोडून उभे, डोईवर 'आपला माणूस, कामाचा माणूस' ऐसी अक्षरे. आणि अकस्मात शेठचे छातीवर आपोआप ओळ उमटली जे, मिठाची मूठ गो लेकीला कोनी दिली. मग दुसरी, मग तिसरी, ऐशा सहा. मिथुनजींस घाम फुटला. त्यांनी खोडण्याची कळ दाबून धरिली. शेठचे छातीवरून एक अक्षर हलले नाही. अलीकडे मात्र कान्होजींचे डोळ्यांदेखत तेरावे कडवे शेवटापासून पुसत चालले, मग बारावे, मग अकरावे, जणू कोणी अदृश्य गनीम मागल्या पावली मुलूख जाळीत निघाला आहे. कान्होजींनी "आई, धवला चालला गो!" म्हणोन आरोळी ठोकिली आणि उपाय ठाऊक होता तो केला: कंट्रोल धरून झेड दाबिला. एकदा नव्हे, जीव तोडून वीस वेळा.

त्याचा मार पलीकडे बसला. प्रथम गाण्याच्या सहा ओळी उडाल्या, हे बरे जाहले. परंतु कान्होजी थांबेनात. मग शेठचा हार गेला, मग गॉगल गेला, मग जोडलेले हात गेले, आणि अखेरीस डोके धडावेगळे होऊन नाहीसे जाहले. मिथुनजी ओरडले, आणि त्यांनीही तोच उपाय केला, कंट्रोल आणि झेड. आणि त्यांचे हाताने कान्होजींचे अकरावे, बारावे, तेरावे कडवे धावत परत आले. कान्होजींस वाटले, आपणच आणिले. त्यांनी मिशीवर हात फिरविला आणि सोनलबाईंकडे चहा मागितला. तो मिळाला नाही.

परंतु नवी ओळ काही उमटेना. तेव्हा कान्होजींचे मन खचले. मंगळवार डोळ्यांपुढे उभा राहिला. मांडव, बायका आणि मध्येच अडखळून थांबलेली आपली आई. मातुश्री म्हणाल्या, "दिसो नाय तं नको दिसो. तू लिव्ह." म्हणोन त्यांनी आंधळेपणानेच सवाल सातवे वेळी लिहिला, सावकाश, आणि विचारिले, "आई, जवाब सांग." मातुश्रींनी तोंड उघडिले आणि मिटले. पुन्हा उघडिले. मग पदराचे टोक बोटास गुंडाळीत म्हणाल्या, "ही जवाबाची वल माझी कदी नव्हतीच रं. ही जाईची. मी तं निस्ती तिचे तोंडाकडं बगत बसायची." आणि त्यांचे डोळ्यांत पाणी आले. कान्होजींनी आईस रडताना बापाचे मयतीनंतर प्रथमच पाहिले. त्यांनी कीबोर्डावरून दोन्ही हात उचलोन मांडीवर ठेविले.

तोच पडद्यावर अक्षरे उमटू लागली. कोणी हात लावीत नव्हते. एकेक अक्षर, थांबत थांबत, जैसे कोणी आठवून आठवून लिहावे तैसे:

आय बसली रडत, चुलती नाय रडली,
मिठाची मूठ देऊन दारान उभी ऱ्हेली.

कान्होजींचे अंगावर काटा उभा राहिला. त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखविले. मातुश्री ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "हीच! हीच ती! जाई आली रं!" सोनलबाई बाहेर आल्या आणि त्यांनीही हात जोडिले. कान्होजी लॅपटॉपापुढे लोटांगण घालणार, इतक्यात अक्षरे पुढे उमटली, ती ऐसी:

कान्या, तूच हायस ना? एवढा हट्टी दुसरा कोन नाय. सात वेळा तीच ओळ. माझ्या शेठचं डोकं गेलं तुझ्यापायी. माझं मला काय दिसत नाय, तुला दिसत असंल तर भिंतीवर हात मार.

दोन वर्षांत आलेला हा पहिला खलिता. कान्होजी तो तीन वेळा वाचते जाहले. शपथ एकीकडे, चौदावे कडवे एकीकडे. काकी मिठागरातून येऊन दोघांचे मुठीत मिठाचा एकेक खडा ठेवीत, तो चाटत दोघे पायरीवर बसत, हे त्यांस ऐन वेळी आठवले; आठवू नये म्हणोन त्यांनी यत्न केला, तो सिद्धीस गेला नाही. मग ते उठले, भिंतीपाशी गेले, आणि दोन वेळा हात मारिला. पलीकडून दोन वेळा उत्तर आले. शपथेत बोलू नये इतकेच होते, भिंत ठोकू नये ऐसे नव्हते, हा मुद्दा कान्होजींनी पुढे अनेकांस समजावून सांगितला.

सोनलबाईंचे म्हणणे पडले जे, दार उघडे आहे, चार पावले जाऊन बोलावे. परंतु थोरांचे तह ऐसे होत नाहीत. उलट खलिता कान्होजींनी धाडिला: "डोंगल आईने बदलले." अलीकडून कान्होजी लिहीत ते पलीकडे उमटे, पलीकडून मिथुनजी लिहीत ते अलीकडे उमटे, आणि कलमे ठरली. पहिले कलम, धवल्याची एकवीस कडवी पुरी होईतो डीजे वाजू नये, आणि त्याची विजेची मेन पिन पुतळाबाईंचे बटव्यात जमा राहावी. दुसरे कलम, कान्होजींनी शेठचे डोके, हात, गॉगल आणि हार, घेतले तैसे परत करावे. सातवा सवाल आणि खलिते मिथुनजींनी माउसाने कोऱ्या पानावर घेतले होते, सबब बॅनर होता तैसाच होता; तो पुढे आणिताच कान्होजींनी हे कंट्रोल आणि वाय दाबून तत्काळ केले. त्यासरशी गाण्याच्या ओळीही परत आल्या, त्या खोडिल्या, एक राहून गेली. तिसरे कलम मिथुनजींनी विनाशर्त लिहिले जे, त्या दिवशी मी नाचलो ते चुकलो, मोठीआईला सांग. कान्होजींनी मोठ्याने वाचले. मातुश्री म्हणाल्या, "त्याला सांग, मना तवाच ठाव व्हतं. तो नाचताना बी माझेकडंच बगत व्हता."

डोंगल अदलाबदल करावे की कसे, ही गोष्ट निघाली. मातुश्रींनी मना केले. मग शनिवारची सांज आणि रविवारचा दिवस, सवाल अलीकडून आणि जवाब पलीकडून, उरलेली आठही कडवी पुरी जाहली. जेथे मातुश्री अडत, तेथे मिथुनजी आपले आईचे आवाजात गुणगुणून पाहत आणि लिहीत. परिणाम ऐसा जाहला जे, सवाल सारे मिथुनजींचे यंत्रात आणि जवाब सारे कान्होजींचे यंत्रात. अखेरची आठ कडवी सबंध ऐसी कोणाचेच घरी नाहीत. ती दोन कागदांवर छापिली आणि तैसीच ठेविली.

मंगळवारी हळद. आपण पाटावर बसला होतात, परंतु डोळ्यांवर हळद असल्याने पाहिले नसेल, म्हणोन लिहितो. मातुश्रींनी तेरा कडवी मुखोद्गत गायिली. चौदाव्यास सोनलबाईंनी एक कागद धरिला, मिथुनजींच्या कुटुंब शुभदाबाई यांनी दुसरा. सवाल जाहला. जवाबाची चाल शुभदाबाईंस येईना; त्या कागदाकडे पाहत राहिल्या. तेव्हा डीजेचे पेटीपाशी उभे असलेले मिथुनजी, अंगभर हळद, मिशा पिवळ्या, पुरुषाने धवला गाऊ नये ही रीत असता, उंच आवाजाने जाईबाईंचे चालीत गाऊ लागले. मातुश्रींनी वळून पाहिले नाही. डोळे मिटून त्यांनी शेजारचे मोकळ्या पाटावर हात ठेविला आणि पुढला सवाल केला. कान्होजींचे डोळ्यांत हळद गेली. ती दोन्ही डोळ्यांत एकदम गेली आणि फार वेळ निघाली नाही.

विसाव्या कडव्यास प्रितमशेठ मिठाची गोणी खांद्यावर घेऊन मांडवात आले. नाक्यावर त्यांचा बॅनर लागला होता आणि त्यावर ती राहून गेलेली ओळ मोठ्या अक्षरांनी छापिली गेली होती. लोक येता-जाता विचारीत, शेठ, मिठाची मूठ कोनी दिली? शेठना वाटले, ही जनतेची मागणी. त्यांनी घरोघर मिठाचा पुडा वाटला आणि "मी दिली" ऐसे सांगत फिरले. मातुश्रींनी गोणी ठेवून घेतली, त्यांस एकविसाव्या कडव्यापर्यंत बसविले, आणि मग बटवा सोडून पिन दिली. पुढे डीजे वाजला आणि सर्वांत आधी पुतळाबाई नाचल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. जिंकिले काय, तर एकवीस कडवी आणि एक चुलत भाऊ. डोंगल आजतागायत बदलले नाहीत. कामकाजाकरिता उभयतांनी शेपटीवाले साधे कीबोर्ड आणिले आहेत, आणि ती बिनतारी जोडी, जी इतक्या शर्थीने निवडिली, तिचा उपयोग इतकाच जे, रोज सकाळी कान्होजी एक ओळ लिहितात, "चा झाला कं?" आणि उत्तराची वाट पाहतात. उत्तर लिहून येत नाही. भिंतीवर दोन वेळा हात वाजतो, आणि पाठोपाठ मिथुनजी स्वतःचा कप घेऊन दारात उभे राहतात.